गोळी कुटायची नसते, हे कुणी सांगायचं?

लकवा झाल्यापासून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गोळी गिळता येईना. मी लांब राहते; दौलताबादला घरी माय सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून चाटवायची. सकाळी औषध झालं की आबांना भोवळ यायची. संध्याकाळी प्रेशर चढलेलं, म्हणून शहरातल्या डॉक्टरनं प्रेशरची गोळी वाढवली. मग आबा न्हाणीत पडले, डोकं फुटलं, टाके पडले. मी दोघांना घेऊन त्याच डॉक्टरचा दवाखाना गाठला.

“गोळी वेळेवर देता का?” डॉक्टरनं मान वर न करता विचारलं.

“व्हय साहेब. मैद्यासारखी बारीक कुटून देते. कण वाया जात नाय.”

मायला वाटलं, शाबासकी मिळेल. डॉक्टर हसला. नर्सला म्हणाला, “बघा. या अडाणी लोकांवर काय उपचार करायचे?”

मायनं पदर तोंडाला लावला. माझं डोकंच फिरलं.

आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. बी.फार्म. झालेय. मी सरळ म्हणाले, “ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळायला बनवलेली असते. औषध थोडं थोडं रक्तात उतरतं, नसा सैल पडतात. लिव्हर जुनं औषध मोडतं, तोवर गोळीतून नवं येतं. कुटली की दिवसभराचं औषध एकदम रक्तात. प्रेशर धाडकन खाली, माणूस आडवा. संध्याकाळपर्यंत औषध संपलेलं, प्रेशर परत वर. तुम्ही संध्याकाळचं बघून गोळी वाढवली आणि सकाळी माझा बाप आपटला.”

“एवढं कळतं तर तुम्हीच सांगायचं ना आईला!”

“लिहून तुम्ही दिली. लकवा झालेल्या माणसाला गिळता येतं का, हे विचारायला कोणती डिग्री लागते?”

त्यानं दुसरी, साधी गोळी लिहून कागद माझ्याकडं सरकवला. मी हात लावला नाही. “हिला सांगा. औषध ही देते.”

“मावशी,” तो नाइलाजानं म्हणाला, “ही कुटली तरी चालते. सकाळ-संध्याकाळ द्या.”

बाहेर रिक्षात आबा वाकड्या तोंडानं म्हणाले, “मध तरी चालू ठेव गं.”

माय हसली नाही. मला हळूच म्हणाली, “बाई, म्या पाडलं का गं ह्यांना?”

आबा त्यानंतर पडले नाहीत. पण माय अजून साधी तापाची गोळी असली तरी फोन करते, “ही कुटू का?” आवाज दबलेला, चोरी केल्यासारखा. आधी माझी माय अशी बोलत नव्हती. तो आवाज कानावर आला की वाटतं, उठावं आणि त्या केबिनमध्ये परत जावं.