साठनंतर नव्वद

काल इथे बाळकुमला शेजाऱ्यांची जुनी स्कूटर किका मारून मारून ओव्हर झाली, इंजिनात पेट्रोल जास्त झालं आणि वास सुटला. ताई वारली, त्याला दोन महिने झालेत.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी धावपट्टी तापली होती. वैमानिक झालेली ताई पहिल्यांदाच बाबांना छोट्या विमानातून नेणार होती. माझ्या शाळेतल्या पहिल्या नंबराला नुसतं "छान" म्हणणारे बाबा तिच्याकडे डोळे भरून पाहत होते. पण गरम इंजिनात पेट्रोल जास्त झालं, ते सुरू होईना.

"थोडं उडू दे पेट्रोल. छोटे, शंभर मोज गं, सावकाश!" ताई मला म्हणाली.

पेट्रोल पुरतं उडायच्या आत तिने प्रयत्न करावा आणि इंजिन सुरूच होऊ नये म्हणून मी साठावरून थेट नव्वदवर गेले.

"पहिल्या नंबराला एकसष्ट येत नाही होय?" ताई हसली. गाळलेले आकडे तिने ओठांतल्या ओठांत मोजले, मगच इंजिन सुरू केलं. तिच्या त्या हसण्याचाही मला हेवा वाटला.

काल शेजाऱ्यांना थांबवून मी शंभर मोजायला लागले. एकसष्टपासून पुढचे आकडे तिच्यासारखे ओठांतल्या ओठांत मोजले, एकही न गाळता.