वकीलसाहेबांची काळी मॉली

आमच्याकडे चहाला आले की वकीलसाहेब आधी कप नाकाजवळ न्यायचे, मग हात लांब करून उजेडात धरायचे आणि तोंड असं वाकडं करायचे की चहा करणारीला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं. "मले किळस येते, साफ सांगतो," म्हणायचे. "वहिनी, ह्या कपाले अंड्याचा वास येऊन राह्यला." आमच्या घरात अंडं येत नाही. तरी बायको कप बदलून द्यायची आणि ते गेल्यावर दोन्ही कप आदळआपट करत घासायची.

जठारपेठेतल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. एकटा माणूस, अकोल्याच्या कोर्टात उभी हयात गेलेली. पक्षकाराने हात पुढे केला की हे लांबूनच नमस्कार करायचे. लग्नाच्या पंगतीत शेजारचा कढी भुरकायला लागला की स्वतःचं ताट उचलून दुसरी जागा शोधायचे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला एकदा जिन्यातच अडवून म्हणाले, "मास्तर, खडूच्या हातानं कठड्याले धरत नोका जाऊ. शिरशिरी येते मले." तुमच्याही शेजारात असा एखादा असेलच. खरं सांगतो, मला त्या माणसाचीच किळस यायची.

रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना मासे पाळायला सांगितले, बघत बसलं की डोकं शांत राहतं म्हणून. अकोल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात बाकीचे मासे आटोपले. उरली एक काळी मॉली. अंडी न घालता थेट पिल्लं देणारी जात, आणि दिलेली पिल्लं ती स्वतःच मटकावायची. माझ्या बायकोने ते एकदा पाहिलं आणि त्या टाकीकडे फिरकायचं सोडलं. वकीलसाहेब मात्र तिची बाजू मांडायचे. "आई झाली म्हनून काय भूक लागू नाई तिले?"

एके दिवशी ती मॉली फुगली. पोट टम्म झालं, खवले उभे राहिले आणि मागे विष्ठेचा पांढरा दोरा लोंबायला लागला. वकीलसाहेबांनी तिला वेगळ्या, लहान काचपेटीत ठेवलं. मेडिकलमधून आणलेलं औषधी मीठ मोजून घातलं, खाणं बंद केलं. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवून मगच वापरायचे. पेटीत वाकून तो दोरा निरखायचे, दोन बोटांनी उचलून मला दाखवायचे. "पाहा मास्तर, आज जरा पिवळा हाय. चांगलं लक्षण." मी नुकताच पोहे खाऊन गेलेलो असायचो.

तळाची घाण काढायची त्यांची रीत तर विचारू नका. नळीचं एक टोक पाण्यात, दुसरं तोंडात. पाणी ओढायचं आणि धार लागली की नळी बादलीत सोडायची. अनेकदा घोट तोंडात जायचाच. थुंकायचे, चूळ भरायचे, पुन्हा ओढायचे. आमच्या स्वच्छ कपाला नाक मुरडणारा हाच तो माणूस! मला राहवलं नाही. "वकीलसाहेब, याची नाही किळस येत?"

"येते ना. कावून नाई येनार?" ते म्हणाले. "पन बिमार जिवासमोर नाक दाबत नाई मी. त्याले समजते."

मग अमरावतीला एका प्रकरणाची तारीख लागली. दोन दिवसांसाठी किल्ली माझ्याकडे आली. "काईच खायाले देऊ नोका, मास्तर. पोट रिकामं राह्यलं तरच वाचते ते."

ते गेले आणि इमारतीतल्या बायका बघायला जमल्या. "अवो, पोटुशी हाय ना हे!" वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञानाचा मास्तर. वाकलो, जाणत्यासारखी मान हलवली आणि म्हटलं, "आठवड्यात पिल्लं देईल." वकीलसाहेब चुकले हे चारचौघांत सांगायला मिळालं, त्याच्याच मला गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चक्क डोहाळजेवण झालं. पेटीवर मोगऱ्याची वेणी, एका अंगाला वाटीत पेढा, दुसऱ्या अंगाला बर्फी. मॉली बिचारी धापा टाकत पेढ्याच्या बाजूला कलंडली आणि एकच गिल्ला झाला, "पेढा! मुलगा!" पेढ्याचा तुकडा चुरून पाण्यात मी टाकला. दोनदा टाकला. आजही ते हसणं आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

संध्याकाळी वकीलसाहेब परतले. आम्ही वेणी, वाट्या सगळं आवरून ठेवलं होतं. पाणी गढूळ झालं होतं, आंबूस वास मारत होतं. "काई देलं तं नाई ना?"

"छे हो," मी म्हणालो. बायको आमच्या घरात निघून गेली.

ते उकिडवे बसले, नळी तोंडात धरली, ओढलं आणि थांबले. जिभेवरून बोटाने काहीतरी काढलं. पांढरट, बुळबुळीत. हुंगलं, पुन्हा जिभेला लावून पाहिलं.

"पेढा हाय," ते म्हणाले.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी थुंकून नळी परत तोंडात घेतली आणि माझ्याकडे न बघता तळ साफ करत राहिले. मी त्यांच्याच मोरीत जाऊन ओकलो. ते काही त्या पाण्याच्या वासाने नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॉली मेली. सकाळपासून त्यांनी तिला पाण्यातच तळहातावर धरून ठेवलं होतं. जिन्यात भेटले तेव्हा एवढंच बोलले, "तिचं पोट उघडून पाह्यलं मी. पिल्लू एकबी नव्हतं." त्यानंतर ते कधी आमच्याकडे चहाला आले नाहीत.

पुढे पाय गेले आणि पुतण्या त्यांना अमरावतीला घेऊन गेला. वर्षभराने मी भेटायला गेलो. पुतण्या भला माणूस, त्याने दारातच सांगितलं, "काका मजेत आहेत." खोलीत पाऊल टाकलं. लघवी, घाम, मलम आणि आणखी कशाकशाचा दर्प. हात रुमालाकडे गेला, तो मी मागे घेतला.

वकीलसाहेब चिपाड झाले होते. मला पाहून त्यांनी उशीवरून मान उचलली. मग विचारलं, "मास्तर, वास येऊन राह्यला का?"

'छे हो' ओठांवर आलंच होतं.

"येतो," मी म्हणालो. "फार येतो, वकीलसाहेब."

त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "हे सारे म्हनतात, येत नाई. मले वाईट वाटू नाई म्हनून. तीन दिवस झाले, तीच चादर हाय." मग हळूच म्हणाले, "बदलता का?"

मी पुतण्याकडून धुतलेली चादर मागून घेतली. त्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, खालची चादर ओढून काढली. भयंकर किळस आली. ती त्यांना दिसू नये म्हणून मी सबंध वेळ त्यांच्याशी बोलत राहिलो.