सोमवारचं वजन

मी उंदरांना लिव्हरचा कॅन्सर करते. नोकरीच आहे तशी. लग्न ठरताना 'मुलगी औषधांच्या संशोधनात आहे' असं सांगून आमच्या घरच्यांनी वेळ मारून नेली, आणि सासरच्यांनीही फार खोदून विचारलं नाही.

काम असं. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एक रसायन थोडं थोडं मिसळायचं आणि वाट बघायची. हे रसायन मुळात फार जहाल नसतं. लिव्हर त्याची विल्हेवाट लावायला जातं आणि त्या खटाटोपात त्याचं विष करून ठेवतं. भांडण मिटवायला गेलेल्या काकांनी प्रकरण कोर्टात न्यावं, तसं. मग पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात, त्याही मरतात. या घाईच्या भरतीत कुठेतरी चूक राहून जाते. आधी बदललेल्या पेशींचा लहानसा पुंजका दिसतो, मग त्याची गाठ होते. पित्तनलिकांचं निराळं. त्यांना नको तितके फाटे फुटतात, भोवती घट्ट वण धरतो, आणि पुढे कधीतरी पेशी आपली हद्द ओलांडून शेजारी घुसतात. हद्द ओलांडेपर्यंत आम्ही कॅन्सर हा शब्द उच्चारत नाही. आमच्याकडे शिस्त आहे.

दर सोमवारी सकाळी उंदरांचं वजन होतं. आत काय चाललंय याचा सुगावा बहुतेक वेळा वजनातूनच लागतो.

गेल्या वर्षी बाबाचे डोळे पिवळे झाले. बाबा उरणकडचा, जन्मभर मासेमारी केलेला. आई गेल्यापासून आमच्याकडे नवीन पनवेलला राहायचा. तपासणीत पित्तनलिकेत गाठ निघाली. डॉक्टरांनी आत एक नळी बसवून पित्ताला वाट करून दिली. म्हणाले, ऑपरेशन करता येईल, पण अंगात ताकद हवी. वजनाचा एक आकडा सांगितला आणि म्हणाले, याच्या खाली गेलं तर मी हात लावणार नाही.

नातेवाइकांना हायसं वाटलं. घरातच लिव्हरवाली आहे म्हटल्यावर काळजी कसली? गाठ कशी वाढते ते मला पायरी-पायरीनं माहीत होतं. गाठ असलेल्या माणसाला कसं सांभाळायचं ते काडीचंही माहीत नव्हतं. आमच्या उंदरांना कुणी बरं करत नाही. मी भयंकर घाबरले होते, आणि घाबरले की मला जे काम येतं तेच मी करते. वजनकाटा विकत आणला आणि सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, बाबाला त्यावर उभं केलं.

सुरुवातीला आकडा खालीच जात राहिला. बाबा काट्यावरून उतरायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा आणि गॅलरीत जाऊन बसायचा. एकदा त्यानं विचारलं, "उंदरांचा पन असाच करता तुमी?"

"हो."

"मंग वजन लय उतरला तर?"

मला खोटं सुचलं नाही. अशा वेळी सुचायला हवं. "मग त्याला ठेवत नाहीत, बाबा. हाल होऊ नयेत म्हणून."

"बरा हाय," तो म्हणाला आणि चहा मागितला.

पुढच्या सोमवारी वजन वाढलं. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी थोडं. मी जिताडा मासा आणून त्याचं कालवण केलं, लॅबमध्ये पेढे वाटले. आजारी उंदराचं वजन असं वाढलं असतं, तर पोटात पाणी साठलंय का हे मी पहिल्यांदा बघितलं असतं. इथे मी काहीच बघितलं नाही. मला ते वजन हवं होतं.

ऑपरेशनचं पक्कं करायला ज्या दिवशी जायचं होतं, त्या सकाळी काट्यावरून उतरताना बाबाच्या लेंग्याची नाडी सुटली. लेंगा ओझ्यानं खाली घसरला आणि खिशांतून शिशाच्या गोळ्या फरशीवर गडगडल्या. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या कडेला लावतात, त्या. गावाहून आणलेलं जुनं जाळं घेऊन तो गॅलरीत तासन्‌तास बसायचा. मला वाटायचं, दुरुस्त करतोय.

बाबानं लेंगा सावरला.

"उंदरांना खिसं नसतान," तो म्हणाला.

"बाबा, डॉक्टरांकडे पण काटा आहे."

"माहीत हाय. तिथं खिसं रिकामं करूनच जानार होतो." मग म्हणाला, "वजन उतरला की तू दिसभर जेवत नाय. मला ता बगवत नाय."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग त्याला पुन्हा काट्यावर उभं केलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी खाली. ऑपरेशन होणार नव्हतं, आणि ते दोघांनाही कळलं.

बाबा स्वयंपाकघरात गेला. रात्रीची भाकरी आणि कालवण ताटात घेऊन आला, माझ्यासमोर ठेवलं, स्वतः समोर बसला आणि माझं ताट संपेपर्यंत उठला नाही.