हौसाचा ओला धोंडा

आमच्या वरसे गावच्या हिरामणचं नाव निघालं की मला आधी हसूच येतं. पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यानं गणपतीचे डोळे लिहिले, म्हणजे कुंचल्यानं आखले. एसटीत बसला की समोरच्यांच्या भुवया बोटानं हवेत आखायचा. एकदा एका बाईनं झापलं, तर म्हणतो, "बाय, डावी जरा वर हाय तुमची."

बायको हौसा गेली आणि यानं पहिल्यांदाच स्वतःसाठी चित्र काढलं. आमचा कालवा. मी शेजारी बिडी ओढत बसलेलो. अर्ध्याहून जास्त कॅनव्हास म्हणजे नुसतं पाणी, हिरवट, न हलणारं. वर भातखाचरांची बारीकशी पट्टी. उजव्या कोपऱ्यात हौसाचा कपडे धुवायचा धोंडा, रिकामा पण ओला.

"माणूस नाय टाकलास?" मी विचारलं.

"ओल दिसते ना? आताच उठून गेलीय ती."

मी बिडी विझवली आणि धोंडा पुन्हा नीट बघितला.

हे त्यानं मला सांगितलं आणि पुंडलिकला. पुंडलिक त्याचा चेला, वीस वर्षं हाताखाली शिकलेला. रोह्याच्या प्रदर्शनासाठी चौकट करून आणतो म्हणून चित्र त्यानंच नेलं.

आम्ही दोघं इस्त्रीचे सदरे घालून बघायला गेलो. चित्रातल्या धोंड्यावर एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, कारखान्यातल्या गौरीच्या मूर्तीचा गोल चेहरा, टपोरे डोळे. खाली पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी.

"अण्णा, परीक्षकांना रिकामं आवडत नाय," पुंडलिक म्हणाला. "बक्षीस तुमच्याच नावावर हाय."

"तुला म्हायती होतं ना, तिथं कोण हाय ते?"

"व्हय. म्हणून तर बसवली."

घरी आणल्यावर मी हिरामणच्या हातात टर्पेंटाइनचा बोळा दिला. बाईचा रंग अजून ओला होता, निघाला असता. बोळा डोळ्यांपाशी गेला आणि थांबला. त्यांच्या कारखान्याची रीतच तशी, लिहिलेल्या डोळ्यांवर फडका फिरवायचा नाही, मूर्तीला चीर गेली तरी नाही. चाळीस वर्षांचा हात, ऐकेना. आणि ही रीत पुंडलिकला पक्की ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी पुंडलिक आला. हिरामणनं चित्र त्याच्या हातात दिलं.

"घेऊन जा. ही बाय माझ्या घरातली नाय."

एरवी थेट चुलीपर्यंत येणारा पुंडलिक तेवढा वेळ उंबऱ्याबाहेरच उभा होता. हिरामणनं त्याला आत ये म्हटलं नाही.