शाळेतून आलेला फोन

वलगावच्या शाळेत मी रुजू झालो, तेव्हा मुख्याध्यापिका गवई मॅडमनी मला पहिला प्रश्न विचारला तो विषयाचा नव्हता. "सर, पालक आले की उठून खुर्ची देता का?" मी हो म्हणालो. "पाहू," एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्यांचा धाकही वाटत आला आणि आधारही. त्याच मॅडम आता साठ वर्षांच्या होत आहेत.

शाळेने बोलावलं म्हणजे लेकराने काहीतरी केलंच, असं आमच्याकडे घरोघरी पक्कं ठरलेलं. पालक यायचे ते मान खाली घालून, नाहीतर पोराला घरीच बदडून. मॅडमना हे फार लागायचं.

नववीतली पल्लवी यातच सापडली. कार्यालयातून तिच्या वडिलांना फोन गेला, "उद्या शाळेत या." कारण कुणी सांगितलं नाही. देविदासभाऊ झेंडू लावणारे, अब्रूला जपणारे. ते तर आले नाहीतच, पल्लवीही यायची थांबली. हे कळताच मॅडमनी स्कूटी काढली. मागे मी.

भाऊंचं घर मळ्यातच. नवराबायको फुलं तोडत होते, पल्लवी डोळे सुजवून बांधावर बसलेली. मॅडम त्यांच्या ओळीत फुलं तोडू लागल्या. शेवटी आईलाच राहवलं नाही.

"पोरीनं काय केलं थे एकडाव सांगून टाका, मॅडम."

"भाषणात पहिली आली. निकाल अजून तिलाही सांगितला नव्हता. बक्षीस तुमच्या हातानं द्याचं होतं, म्हणून बोलावलं."

भाऊंनी टोपली खाली ठेवली. "मंग फोनवर काहून नाई सांगतलं? आमी तं तिची शाळाच बंद केली."

"चुकलं आमचं," मॅडम म्हणाल्या. इतक्या सरळ चूक कबूल करणारं कुणी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत मी पाहिलं नव्हतं.

पुढे नियमच झाला. फोनवर आधी कारण सांगायचं, आणि वर्षातला पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठीच करायचा. पालकसभाही बाजार आटोपल्यावर भरू लागली. आता पालक न बोलावता येतात, भांडतातसुद्धा. मॅडमना त्याचंच समाधान.

मळ्यातल्या त्या दिवशी भाऊ घरात गेले आणि दप्तर आणून त्यांनी स्वतःच स्कूटीला अडकवलं. "घिऊन जा तिले." मागची जागा पल्लवीला मिळाली. मी पायी आलो, पण जीव असा हलका झाला होता की ऊन लागलं नाही.

मॅडम, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो; गुडघेही धड राहोत. पल्लवी अमरावतीत शिक्षिकेचं शिक्षण घेते आहे. तिच्या पहिल्या पालकसभेला तुम्ही हव्या आहात.