मधूच्या रेडिओची शिट्टी

मधूला शेवटचं भेटलो तो रविवार होता. दवाखान्यात खाटेशी स्टूल ओढून बसलो, आणि मी तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला. एरवी आधी तो समोरच्याचे ओठ बघायचा, मग उत्तर द्यायचा. “भिया, घरच्या रेडिओला हात लावू नको हां. मी गेलो की तुला खुजली होणार, मला माहितीये. पण लावू नको.” मी म्हटलं, “आधी तू घरी तर चल, मग बघू.” तो नुसता हसला… मंगळवारी सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला.

मधू इंदूरच्या कापड मिलमध्ये विणकर होता. विणाई खात्यात मागांचा खडखडाट इतका की तिथे कोणी तोंडाने बोलतच नसे. ओठ आणि चेहरे वाचायचे, बोटांनी खुणा करायच्या. त्या आवाजाने हळूहळू त्याचे कान गेले, पण सगळे नाही. ट्रकची घरघर त्याला ऐकू येई, माणसाचं बोलणं अर्धंमुर्धं कळे, कुकरची शिट्टी मात्र अजिबात नाही. बारीक, उंच आवाज त्याच्यासाठी नव्हतेच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. आधी म्हणाले थोड्या दिवसांसाठी, मग कोणी काही म्हणेनासंच झालं. घरी शैलावहिनी, शाळेतला मुलगा, आणि खिडकीशी बसून राहिलेला मधू.

मी सरकारी कचेरीत हिशेब तपासणारा माणूस. रेडिओ जुळवण्याचा नाद मला कॉलेजपासून. एका संध्याकाळी मधू आला आणि दारातूनच म्हणाला, “मला शिकव यार. छोटंसं दुकान टाकीन.” मी त्याच्या कानांकडे बघितलं असणार, कारण तो लगेच म्हणाला, “कान नको बघू, हात बघ.”

हात खरोखर चांगले होते. अडचण वेगळीच निघाली. दोन तारा सोल्डर करायला दिल्या की हा आधी त्यांना विणकराची गाठ मारायचा, तुटलेला धागा सांधावा तशी, आणि मग वरून सोल्डर ओतायचा. जोड पक्का व्हायचा, पण एखादा भाग बदलायची वेळ आली की तो सुटता सुटायचा नाही. “अरे, हे सूत नाहीये!” मी ओरडायचो. त्याला नीट ऐकू जायचं नाही, पण चेहरा बघून तो म्हणायचा, “चिडला का? सुटलेला धागा ठेवला की मुकादम पगार कापायचा ना भिया, सवय आहे.” मग मी त्याला मीटर वापरायला शिकवलं. बॅटरीवर नऊ व्होल्ट छापलेले असतात, मीटरवर आठ पॉइंट सात येतात; छापलेल्यावर भरवसा ठेवायचा नाही, मोजायचं. हे मात्र त्याने एकदाच ऐकलं आणि कायमचं धरलं.

त्याचा पहिला रेडिओ त्याच्या घरीच सुरू झाला. सुटे भाग आम्ही दोघांनी सियागंजच्या बाजारात हिंडून आणले होते. बटण फिरवलं, स्टेशन लागलं, आणि गाण्याच्या मागे एक बारीक, टोचणारी शिट्टी. मधू स्पीकरच्या कागदावर बोट टेकवून थरथर बघत होता. मिल बंद झाल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी बोलणार, तेवढ्यात त्याच्या पाठीमागून शैलावहिनींनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्याच्या समोर येऊन म्हणाल्या, “किती साफ वाजतोय!”

जुनी इंदूरमध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि पहिल्याच आठवड्यात सेट परत येऊ लागले. “शिट्टी वाजते, मास्टर.” मधू घाबरला. दुकान बुडालं तर पुढे काहीच नव्हतं. वहिनींनी स्वयंपाक लवकर उरकून दुकानात बसायला सुरुवात केली. तो सेट जुळवायचा, त्या ऐकायच्या. शिट्टी आली की करंगळी वर, गेली की खाली. ही मिलमधल्यासारखी खूण त्यांची त्यांनीच ठरवलेली. त्या करंगळीवर दुकान चाललं, मुलगा इंजिनिअर झाला. पुढे बाहेरचे स्वस्त सेट आले, बिघडले की लोक फेकू लागले, आणि दुकानात फक्त म्हातारी गिऱ्हाइकं उरली.

दुकान सुरू झाल्यावर मधूने वहिनींना माझ्यासमोर विचारलं होतं, “आपल्या रेडिओला आहे का शिट्टी?” त्या म्हणाल्या, “छे, आपल्याला नाही.” ती शिट्टी घालवायला फक्त एक कपॅसिटर बदलायचं काम होतं. चुकीचा आकडा समोर दिसत असताना गप्प बसणं मला जमत नाही. तिथे मात्र वर्षानुवर्षं चहा पीत गप्प बसलो.

तेराव्यानंतर त्यांच्याकडे गेलो. खिशात स्क्रूड्रायव्हर होता, खोटं कशाला बोलू. पण आधी मधूचं दवाखान्यातलं बोलणं सांगितलं. वहिनींच्या हातातली बशी तशीच राहिली.

“हात लावू नको म्हणाले? पण त्यांना तर…” त्या थांबल्या. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “भाऊजी, हा रेडिओ लागला की तुमच्या कपाळाला आठी पडते. दर वेळी. मला दिसायची, मग त्यांना नसेल का दिसली? चेहरेच तर वाचायचे ते.”

“मग बोलला का नाही कधी?”

त्यांनी उठून रेडिओ लावला. भजन लागलं आणि त्याच्यामागे ती शिट्टी, पहिल्या दिवसाइतकीच बारीक. त्या मधूच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. करंगळी उचलली नाही.

मी चहा संपेपर्यंत कपाळावर आठी पडू दिली नाही.