दुसऱ्याचा बोल्ट

नंबरमामांना पाणी दिलं की ते आधी पाणी पीत आणि मग तांब्या उलटा करून त्याच्यावर घातलेलं नाव वाचत. नाव भलत्याचंच निघालं, की "हा तुमचा न्हाई" असं अगदी प्रेमानं सांगत. यजमानीणबाईंचा चेहरा पडायचा, मामांचा खुलायचा.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. नांदेडला पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली आणि निवृत्तीनंतर त्यांना जुन्या जर्मन लष्करी रायफलींचं वेड लागलं. स्वतःची एकही नव्हती. "हाव, तेवढीच राह्यलीय घरात आणायची," मामी म्हणायची. मामा जमवायचे ते रायफलींवरचे शिक्के. हिमायतनगरपासून उदगीरपर्यंत कुणाकडे परवान्याची जुनी रायफल आहे असं कळलं की एसटीनं निघायचे. लोखंडावर पतंगाचा कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल घासायची. मुकुट, अक्षरं, कारखान्याचं नाव, साल, नंबर, सगळं कागदावर उमटायचं. असे कागद घरभर. मामीनं एकदा त्यातल्याच एकात आम्हाला लाडू बांधून दिले, तर मामा कागद परत न्यायला लातूरला आले. लाडूही खाऊन गेले.

दसरा ही त्यांची सुगी. खंडेनवमीला रायफली पूजेसाठी बाहेर निघतात आणि कुंकू खाचांत भरलं की बुजलेले शिक्केही वाचता येतात. लोक हात जोडत, मामा भिंग लावत. पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलेली रायफल दिसली, तर मात्र त्यांना जेवण जात नसे.

माझं लग्न ठरता ठरता अडलं होतं तेव्हाची गोष्ट. तो आणि मी लातूरला एकाच शाळेत शिकवत होतो आणि आमचं पक्कं होतं. पण पत्रिका जुळेना, आणि जळकोटला त्याच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, घोडं तिथंच पेंड खात होतं. शेवटचं बोलायला त्यांनी आम्हाला खंडेनवमीलाच बोलावलं. मामा सोबत आले. पाटावर रायफल दिसली आणि ते माझं लग्न विसरले.

ती आबांच्या आजोबांची. आजोबा निजामाच्या फौजेत होते. "एक स्क्रूसुद्धा बदलला न्हाई," आबा म्हणाले. अशा रायफलीच्या बारीकसारीक भागावरही तिच्या नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. मामा एकेक भाग तपासत गेले, सगळे जुळत गेले, आबा फुलत गेले. मग मामा बोल्टपाशी, म्हणजे गोळी आत ढकलून नळी बंद करणाऱ्या दांड्यापाशी, थांबले. काय झालं ते मला कळलं. आई खाकरली. मी डोळ्यांनी विनवलं. पण मामांना खोटं बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं.

"बोल्ट हिचा न्हाई," ते म्हणाले.

पोहे तसेच राहिले. मला वाटलं, संपलं.

मामांनी रायफल रिकामी असल्याचं पाहून बोल्ट मागं-पुढं केला. "दुसरीचा हाय. कुण्या कारागिरानं बसवला आसंल. पण कसा गुमान चालतो बघा. नंबर जुळंना म्हणून काय अडलं? घासून घासून एकमेकाचे झालेत."

आबांनी रायफल हातात घेतली आणि बोल्ट दोन-तीनदा चालवून पाहिला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "ती पत्रिका आत ठेव. साखर आण."

मामांनी हे माझ्यासाठी केलं असं आई अजून सांगते. मला तसं वाटत नाही. ते बोल्टबद्दलच बोलत होते. लग्नात त्यांनी मला स्वतःचं नाव घातलेला तांब्या दिला.

मामा गेल्या वर्षी गेले. त्यांची फार आठवण येते. यंदाच्या खंडेनवमीला आबा पाहुण्यांना रायफल दाखवत होते. "बोल्ट दुसरीचा हाय, बघा," हे सांगताना आता त्यांची छाती फुगते. माझी लेक नुकतीच वाचायला शिकलीय. आबांचं पाणी पिऊन होताच तिनं त्यांच्या हातातला तांब्या घेऊन उलटा केला आणि मामांचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं.

"आबा, हा आपला न्हाई."

आबांनी तांब्या परत घेतला. "आपलाच हाय," ते म्हणाले.